स्प्रिंगचे ड्रॉइंग संगणकावर : लांबी बदला, वेढे नव्हे

कापडाच्या व्यापाऱ्याने स्प्रिंगवर लेख लिहावा याचे काही वाचक बंधूंना नवल वाटेल. पण ज्याने शिलाईच्या कारखान्यात माल करून घेतला आहे त्याला ठाऊक आहे की, मलमलीच्या कुर्त्याला पडलेली चुणी किंवा मध्येच सुटलेला टाका हा दोष नेहमी सुईचा किंवा दोऱ्याचा नसतो. प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, त्याच्या दांडीवर बोटभर लांबीची एक स्प्रिंग बसलेली असते. वरचा पेच आवळला की दाब वाढतो, सैल केला की कमी होतो. पातळ कापडाला हलका दाब, जीनच्या कापडाला भारी. ही स्प्रिंग बिघडली की चांगला कारीगरही हात टेकतो.

काही वर्षांपूर्वी या स्प्रिंगने मला एक धडा शिकवला आणि त्याची फी चांगलीच वसूल केली. ज्या कारखान्यात माझा माल शिवला जात होता तेथील यंत्रांच्या स्प्रिंगा दबून गेल्या होत्या. मिस्त्रीकडे एक न वापरलेली जुनी स्प्रिंग निघाली. संगणकावर ड्रॉइंग करणाऱ्या एका मुलाने तिची मापे घेऊन सुरेख चित्र काढले. मी शहाणपणा करून म्हणालो, "बेटा, ही मोकळी आहे. यंत्रात बसल्यावर ती पाच मि.मी. दबलेली असते. तू दबलेली दाखव." त्याने एक आकडा बदलला, पडद्यावरची स्प्रिंग तेवढी आखूड झाली, आणि तेच ड्रॉइंग आम्ही स्प्रिंग बनवणाऱ्याकडे पाठवले. दोनशे नग आले. बसवून पाहिले तर एकही कापड धरीना. पेच पुरता आवळावा तर त्याला तेवढे आटेच उरले नव्हते. मी रागाने त्या कारखानदाराकडे गेलो. त्याने काही न बोलता ड्रॉइंग आणि स्प्रिंग माझ्यासमोर ठेवली. माप केसभरही चुकलेले नव्हते. जे कागदावर होते तेच त्याने बनवले होते. दोनशे नगांचे पैसे मी मुकाट्याने दिले आणि नवे दोनशे सांगितले.

त्या ड्रॉइंगमध्ये दोन चुका होत्या. एक माझी आणि एक संगणकाची. खरे म्हणजे संगणकाचीही नव्हे, कारण त्याला जे विचारले त्याचेच त्याने उत्तर दिले. आज लहान कारखान्यांतही संगणकावर ड्रॉइंग मागितले जाते आणि आपल्यापैकी पुष्कळांची मुले ते काम शिकली आहेत. म्हणून या दोन चुका नीट समजून घेणे उपयोगाचे आहे.

कापलेले कापड आणि आटलेले कापड

कापडाच्या ताग्यात तीन गोष्टी असतात : ताग्याची लांबी, एका इंचातले पिक आणि संपूर्ण ताग्यातले एकूण पिक. यांपैकी कोणत्याही दोन ठरवल्या की तिसरी आपोआप ठरते. स्प्रिंगचे अगदी तसेच आहे. तिची उंची, दोन वेढ्यांमधले अंतर ज्याला पिच म्हणतात, आणि एकूण वेढे. संगणक यांपैकी दोनच विचारतो आणि तिसरी स्वतः काढतो.

आता ताग्यातून हातभर कापड कापून घेतले तर लांबी घटते, इंचातले पिक तेवढेच राहतात आणि एकूण पिक कमी होतात. पण तोच तागा धुऊन आटला तर? लांबी घटते, एकूण पिक तेवढेच राहतात आणि इंचातले पिक वाढतात. दाबलेली स्प्रिंग म्हणजे आटलेले कापड होय, कापलेले नव्हे. कितीही दाबा, वेढे तेवढेच राहतात. फक्त ते एकमेकांजवळ येतात.

त्या मुलाने ड्रॉइंग करताना संगणकाला पिच आणि उंची या दोन गोष्टी दिल्या होत्या. मी लांबी कमी करायला सांगितली तेव्हा त्याने उंची कमी केली. पिच कायम राहिले, म्हणून संगणकाने वेढे कापले. पडद्यावर हे कळत नाही. सोळा वेढे आणि साडेचौदा वेढे यांतला फरक कोण मोजत बसतो? आम्हीही मोजला नाही.

त्याने उंची आणि वेढे दिले असते तर स्प्रिंग आटली असती. बहुतेक ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये ही निवड असते, फक्त पहिल्या पानावर जे आधी दिसते तेच घाईत घेतले जाते. सॉलिडवर्क्समध्ये पिच आणि वेढे, उंची आणि वेढे, उंची आणि पिच अशा तीन जोड्या येतात. इन्व्हेंटरमध्ये कॉइल नावाच्या आज्ञेत त्याच जोड्या आहेत. ऑटोकॅडमध्ये हेलिक्सची आज्ञा २००७ च्या आवृत्तीपासून आहे. नाव काहीही असो, जी स्प्रिंग यंत्रात दबणार किंवा ताणली जाणार आहे तिच्यासाठी जोडी एकच : उंची आणि वेढे.

मापे कोणती घ्यावीत

आमच्या उर्दू शाळेत वर्तुळाला दायरा आणि व्यासाला कुतर म्हणत. नाव कोणतेही घ्या, स्प्रिंगचा व्यास म्हटला की पहिला प्रश्न विचारावा, कोणता व्यास? बाहेरचा कॅलिपरने सहज मोजता येतो. आतला दांडी जाते की नाही हे सांगतो. पण हिशेबात लागतो तो मधला, म्हणजे तारेच्या मध्यापासून समोरच्या तारेच्या मध्यापर्यंतचा. बाहेरच्या व्यासातून तारेची एक जाडी वजा केली की तो मिळतो.

हिशेब सोपा जावा म्हणून या लेखापुरती मापे अशी धरू. तार १.६ मि.मी. बाहेरचा व्यास ९.६, म्हणून मधला ८ आणि आतला ६.४. काम करणारे वेढे १६. दोन्ही टोकांना एकेक मेलेला वेढा, म्हणजे जो शेजारच्या वेढ्याला चिकटवून बसवलेला असतो आणि दबण्याच्या कामात भाग घेत नाही. एकूण वेढे १८. टोके घासून सपाट केलेली. पिच ३.५ मि.मी.

मोकळी लांबी काढायची तर काम करणारे वेढे गुणिले पिच, अधिक तारेच्या दोन जाड्या : १६ गुणिले ३.५ म्हणजे ५६, त्यात ३.२ मिळवले की ५९.२ मि.मी. पूर्ण मिटलेली लांबी म्हणजे १८ वेढे गुणिले १.६, म्हणजे २८.८ मि.मी. त्याखाली स्प्रिंग जाऊच शकत नाही. संगणक मात्र तिला खुशाल २० मि.मी. पर्यंत दाबून दाखवील. पोलादातून पोलाद आरपार गेलेले पडद्यावर दिसेल आणि संगणक चकार शब्द काढणार नाही.

आता स्प्रिंग ५४.२ मि.मी. पर्यंत दाबली तर पिच किती? ५४.२ मधून ३.२ वजा केले, ५१ राहिले, भागिले १६, म्हणजे ३.१९ च्या जवळपास. हे आटलेले कापड. आणि पिच ३.५ कायम ठेवले तर? ५१ भागिले ३.५ म्हणजे १४.५७ वेढे. हे कापलेले कापड. आमचे दोनशे नग असे होते.

फ्रीकॅडवर काम कसे करावे

महागडी सॉफ्टवेअर विकत घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते आणि चोरीच्या प्रतीवर काम करणे मला पसंत नाही. मोठी कंपनी काम देताना परवान्याचा कागद मागते, तेव्हा शरमिंदे व्हावे लागते. फ्रीकॅड हे २००२ पासून चालत आलेले मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याची १.० ही आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरात आली. साध्या संगणकावर चालते आणि धंद्यासाठी वापरायलाही पैसे द्यावे लागत नाहीत. म्हणून पुढची पद्धत त्याच्या आधारे सांगतो. दुसरे सॉफ्टवेअर असेल तर बटणांची नावे बदलतील, तत्त्व बदलणार नाही.

आधी चित्र काढू नका. आधी खातेवही मांडा. फ्रीकॅडमध्ये स्प्रेडशीट नावाचे पान आहे. त्यात एकाखाली एक लिहा : तारेची जाडी, मधला व्यास, काम करणारे वेढे, मोकळी लांबी, सध्याची लांबी. प्रत्येक घराला एलियस म्हणजे टोपणनाव देता येते. ते इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्यावे. पुढे चित्रात जिथे जिथे आकडा लागेल तिथे आकडा न लिहिता हे टोपणनाव लिहायचे. व्यापाऱ्याला हे समजावून सांगायला नको. भाव एका जागी लिहावा आणि सर्व बिलांनी तिथूनच घ्यावा. दहा बिलांत दहा वेळा लिहिला की अकरावी चूक ठरलेली.

मग पार्ट डिझाइनमध्ये उभ्या पातळीवर एक वर्तुळ काढा. वर्तुळाचा व्यास म्हणजे तारेची जाडी, आणि उभ्या अक्षापासून त्याच्या मध्यबिंदूचे अंतर म्हणजे मधल्या व्यासाचा निम्मा, आपल्या मापात ४ मि.मी. त्यानंतर अ‍ॅडिटिव्ह हेलिक्स ही आज्ञा घ्या आणि अक्ष उभा निवडा. तिथे मोड या शब्दापुढे चार पर्याय येतात. त्यांतला हाइट-टर्न्स-अँगल घ्यायचा, म्हणजे उंची, वेढे आणि कोन. कोन शून्य ठेवा. वेढे आणि उंची स्प्रेडशीटमधून घ्या. स्प्रिंग तयार होईल.

आता परीक्षा घ्या. स्प्रेडशीटमध्ये सध्याची लांबी ५९.२, मग ५४.२, मग ४९.२ अशी लिहून पाहा आणि प्रत्येक वेळी पडद्यावर बोट ठेवून वेढे मोजा. तिन्ही वेळा तेवढेच भरले तर मांडणी बरोबर आहे. ही मोजणी मी आजही करतो, लोक हसले तरी.

एवढे झाले तरी टोके राहतात आणि खरी मेहनत तिथे आहे. टोकाचे मेलेले वेढे स्प्रिंग दाबली तरी बदलत नाहीत, मधले बदलतात. म्हणून स्प्रिंग तीन तुकड्यांत काढावी. खालचा तुकडा एक वेढ्याचा, उंची तारेच्या जाडीइतकी. मधला तुकडा १६ वेढ्यांचा, उंची सध्याच्या लांबीतून तारेच्या दोन जाड्या वजा करून. वरचा तुकडा पुन्हा एक वेढ्याचा. तिन्हींच्या उंचीची बेरीज बरोबर सध्याच्या लांबीइतकी येते. वरचा तुकडा किती उंचीवर बसवायचा हेही स्प्रेडशीटवरूनच ठरवावे, म्हणजे स्प्रिंग दाबली की तो आपोआप खाली येईल. हे विसरले तर मधली स्प्रिंग दबते आणि वरचा वेढा हवेत लटकत राहतो.

तिन्ही तुकडे जोडले की खाली आणि वर तार निम्म्या जाडीने बाहेर डोकावते. तेवढी सपाट कापून टाकली की घासलेले टोक तयार. पहिली कापणी शून्य उंचीवर, दुसरी सध्याच्या लांबीवर.

इथे तीन अडचणी हमखास येतात. मेलेला वेढा शेजारच्या वेढ्याला तंतोतंत चिकटला तर संगणक गोंधळतो आणि तुकडे जोडायला नकार देतो. तिथे केसभर, पाच शतांश मि.मी. इतकी फट ठेवावी आणि ती फक्त चित्रापुरती आहे अशी नोंद ड्रॉइंगवर करावी. दुसरी अडचण काम करणारे वेढे पूर्ण नसतील तेव्हा येते. ते साडेसोळा असतील तर मधला तुकडा जिथे संपतो ती बाजू अर्धा फेरा फिरलेली असते, म्हणून वरचा तुकडाही १८० अंशांत फिरवून बसवावा लागतो. तिसरी अडचण पार्ट या विभागात आधी मार्ग काढून त्यावरून वर्तुळ फिरवणाऱ्यांना येते. तिथे स्वीपच्या आज्ञेत फ्रेनेट नावाची खूण करावी. ती केली नाही तर वर्तुळ वळणावर कलते आणि तार चपटी दिसू लागते.

स्प्रिंग उजवी की डावी हेही लिहावे. सूत व्यवहारात आपण एस पीळ आणि झेड पीळ म्हणतो. उजवी स्प्रिंग म्हणजे झेड पीळ आणि डावी म्हणजे एस. प्रेशर फूटच्या स्प्रिंगला यामुळे कामात फरक पडत नाही. पण एका स्प्रिंगच्या आत दुसरी बसणार असेल तर दोन्हींचे पीळ उलट हवेत, नाहीतर वेढे एकमेकांत अडकतात.

पेच फिरवला की काय होते

सांगाडा तयार झाला की त्याला पेच जोडायचा. स्प्रेडशीटमध्ये आणखी दोन घरे घ्या : पेचाचे फेरे आणि पाय किती उचलला आहे. पेचाच्या एका फेऱ्यात तो १ मि.मी. खाली येतो असे धरू. मग सध्याची लांबी म्हणजे ५९.२ वजा पेचाचे फेरे वजा पाय उचलल्याची उंची. आता लांबी हाताने लिहायची नाही. फेरे लिहा, स्प्रिंग आपोआप दबेल.

ज्यांच्याकडे सॉलिडवर्क्स आहे त्यांना २०२० च्या आवृत्तीपासून सुटा भाग लवचीक करण्याची सोय मिळते. जोडणीतल्या दोन भागांमधले अंतर बदलले की स्प्रिंग त्याप्रमाणे आखूड किंवा लांब होते. इन्व्हेंटरमध्येही तशी सोय आहे. पण आतली मांडणी चुकीच्या जोडीवर असेल तर ही महागडी सोयसुद्धा वेढे कापूनच दाखवील.

आता या मांडणीचा खरा फायदा पाहा. स्प्रिंगची ताकद काढण्याचा नियम जुना आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये सांगितले की, जितकी स्प्रिंग दाबाल तितक्या प्रमाणात तिचा जोर वाढतो. एक मि.मी. दाबायला किती जोर लागेल हे चार गोष्टींवर ठरते. तारेच्या जाडीचा चौथा घात घ्या आणि त्याला पोलादाच्या पिळाच्या अंकाने गुणा. हा अंक स्प्रिंगच्या पोलादासाठी सुमारे ८०,००० न्यूटन प्रति चौरस मि.मी. असतो. मग मधल्या व्यासाचा घन, काम करणारे वेढे आणि ८ यांच्या गुणाकाराने भागा. आपल्या मापांत वरची संख्या ५,२४,२८८ येते आणि खालची ६५,५३६. भागाकार बरोबर ८. म्हणजे दर मि.मी. दाबाला ८ न्यूटन. पाच मि.मी. दाबली की ४० न्यूटन, साधारण चार किलो वजनाइतका दाब.

पिळाचा अंक का, असे कोणी विचारील. स्प्रिंग दाबताना तार वाकते असे वाटते, पण प्रत्यक्षात प्रत्येक वेढ्यात ती पिळली जाते. सुताला पीळ देताना बोटांना जो विरोध जाणवतो तोच हा. वेढे जितके जास्त तितका पीळ वाटला जातो आणि स्प्रिंग नरम होते. वेढे कापले की ती कडक होते. आमच्या साडेचौदा वेढ्यांच्या स्प्रिंगची ताकद दर मि.मी. ८ ऐवजी ८.८ झाली होती. पण या कडकपणाचा काही उपयोग नव्हता, कारण तिची मोकळी लांबीच ५४.२ होती. यंत्रातली जागाही ५४.२ ची. दबलीच नाही तर जोर कुठून येणार?

आता पाय उचलण्याचा विचार करा. कापड सरकवण्यासाठी कारीगर दांडा वर करतो तेव्हा पाय ६-७ मि.मी. उचलला जातो आणि स्प्रिंग तेवढी आणखी दबते. पेच पाच फेरे आवळलेला असताना पाय सात मि.मी. उचलला तर स्प्रिंग एकूण १२ मि.मी. दबली. लांबी राहिली ४७.२. ठीक. पण भारी कापडासाठी पेच दहा फेरे आवळला आणि पाय सात मि.मी. उचलला तर एकूण दाब १७ मि.मी. झाला. मिटण्याला अजून तेरा मि.मी. शिल्लक आहेत, म्हणून डोळ्याला काही वावगे दिसत नाही. पण तारेवरचा ताण काढून पाहा. वेढ्याच्या आतल्या बाजूला ताण जास्त पडतो, तो धरून हिशेब केला तर पाच मि.मी. दाबाला तो २६० न्यूटन प्रति चौरस मि.मी. येतो. १५ मि.मी. ला ७८०, १७ ला ८८५ च्या आसपास आणि पूर्ण मिटवली तर सुमारे १,५८०. या जाडीची चांगली स्प्रिंगची तार ओढून तोडायला दोन हजारांच्या आसपास ताण लागतो, आणि पिळात ती त्याच्या निम्म्याहून कमीच सुखाने सोसते. त्यापुढे गेले की तार तुटत नाही, पण ती बसते. मोकळी केली तरी पूर्वीच्या लांबीवर परत येत नाही. आमच्या मिस्त्रीच्या स्प्रिंगा अशाच बसल्या होत्या. जीनच्या ऑर्डरीसाठी पेच घट्ट आवळून ठेवला होता आणि दिवसातून शेकडो वेळा पाय उचलला जात होता. दोष ना तारेचा होता ना बनवणाऱ्याचा.

म्हणून स्प्रेडशीटमध्ये एक इशाऱ्याचे घर ठेवावे. सध्याची लांबी ४४.२ च्या खाली गेली, म्हणजे १५ मि.मी. पेक्षा जास्त दाब झाला, की त्या घरात १ यावा, नाहीतर शून्य. पेच आठ फेऱ्यांपुढे जाऊ नये हे त्यातूनच कळते, कारण आठ आणि सात मिळून पंधरा होतात. भारी कापडाला याहून जास्त दाब हवा असेल तर पेच आवळत न बसता जाड तारेची वेगळी स्प्रिंग करून घ्यावी.

जाडीचा विषय निघाला म्हणून बाजारातल्या गेजबद्दल दोन शब्द. १६ गेजची तार १.६२६ मि.मी. असते आणि १७ गेजची १.४२२. हाताला फरक जाणवत नाही. "जवळपास तीच आहे" म्हणून दुकानदार देतो आणि आपण घेतो. पण ताकदीत जाडीचा चौथा घात येतो. व्यास आणि वेढे तेच ठेवून १६ ऐवजी १७ गेज वापरली तर स्प्रिंग चाळीस टक्क्यांहून जास्त नरम होते. चाळीस नंबरच्या सुताच्या जागी साठ नंबरचे लावल्यासारखे हे आहे. कापडात ते दिसते तरी, स्प्रिंगमध्ये गिऱ्हाईक तक्रार घेऊन येईपर्यंत दिसत नाही.

आणखी एक बारकावा. तारेची लांबी बदलत नाही, म्हणून स्प्रिंग दाबली की वेढे जवळ येताना थोडे रुंदावतात. आपल्या स्प्रिंगमध्ये पिच ३.५ वरून २ वर आणले तर मधला व्यास ८ वरून ८.०५ होतो. हे सोडून दिले तरी चालेल. पण रुंद वेढ्यांच्या स्प्रिंगमध्ये तसे नाही. मधला व्यास २० आणि पिच ८ असेल आणि ते ४ वर आले, तर व्यास २०.१२ होतो. अशी स्प्रिंग नळीत घट्ट बसवली असेल तर घासू लागते. तिथे व्यासही स्प्रेडशीटमध्ये सूत्राने बदलावा.

कागदावर काय लिहावे

आता माझी चूक. बनवणाऱ्याला नेहमी मोकळ्या स्प्रिंगचे ड्रॉइंग द्यावे, दबलेल्या स्प्रिंगचे कधीही नव्हे. तो यंत्रावर तार गुंडाळतो तेव्हा स्प्रिंग मोकळीच असते. दबलेली स्थिती दाखवायची असेल तर त्याच कागदावर बाजूला, रेघ ओढून, त्या लांबीला किती जोर हवा तो आकडा लिहावा. आपल्या स्प्रिंगसाठी लिहायचे ते असे : मोकळी लांबी ५९.२, ५४.२ वर ४० न्यूटन, ४४.२ पेक्षा कमी दाबू नये. काम करणारे वेढे १६, एकूण १८, टोके बंद आणि घासलेली, पीळ उजवा. तारेची जाडी मि.मी. मध्ये, गेजमध्ये नव्हे. व्यास बाहेरचा की आतला ते स्पष्ट, कारण दांडीवर बसणाऱ्या स्प्रिंगला आतला महत्त्वाचा आणि नळीत बसणाऱ्या स्प्रिंगला बाहेरचा.

जोराचा आकडा लिहिला की बनवणाऱ्यालाही सोपे जाते. तार एखाद्या शतांशाने जाड किंवा पातळ आली तर तो वेढ्यांत किंवा लांबीत थोडा फरक करून जोर जुळवून देतो. फक्त मापे लिहिली तर त्याचे हात बांधले जातात, आणि वाद झाला तर तो कागद दाखवून मोकळा होतो. मला दाखवला तसाच. नमुना आला की तराजूवर स्प्रिंग उभी धरून ५४.२ पर्यंत दाबावी आणि काटा चार किलोच्या आसपास येतो का पाहावे, मगच पुढचे नग सांगावेत. तेव्हा मी हा साधा तराजूचा प्रयोग केला असता तर चुकीची एकच स्प्रिंग बनली असती, दोनशे नव्हे.

मागावरच्या स्प्रिंगा

भिवंडी-मालेगावचे वाचक विचारतील, आमच्या मागाचे काय? निगेटिव्ह डॉबीच्या मागावर हील्ड फ्रेम खाली ओढून आणणाऱ्या स्प्रिंगा ताणाच्या असतात. त्या मोकळ्या असताना वेढे एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणजे पिच तारेच्या जाडीइतकेच. ताणली की प्रत्येक वेढ्यात सारखी फट पडते. म्हणून संगणकावर पिच म्हणजे तारेची जाडी अधिक एकूण ताण भागिले वेढे. इथेही वेढे कायम आणि लांबी बदलती. फक्त दोन्ही टोकांचे आकडे वेगळे काढून वरच्याला लांबीबरोबर सरकवावे लागते. या स्प्रिंगांमध्ये गुंडाळतानाच थोडा ताण भरलेला असतो, त्यामुळे ठरावीक जोर लावेपर्यंत त्या उघडतच नाहीत. चित्रात हा ताण दिसत नाही. तो ड्रॉइंगवर शब्दांत लिहावा लागतो.

शिलाई यंत्रातच वरच्या दोऱ्याच्या दोन चकत्या दाबणारी, गोल नटाने आवळली जाणारी छोटी स्प्रिंग पुष्कळदा निमुळती असते. फ्रीकॅडमध्ये तिच्यासाठी त्याच आज्ञेत कोनाच्या घरात शून्याऐवजी कोन द्यावा, म्हणजे वेढे एका टोकाला अरुंद होत जातात. पण ती दबते कशी हे मात्र या सोप्या पद्धतीने खरे दाखवता येत नाही. निमुळत्या स्प्रिंगचे मोठे वेढे आधी मिटतात आणि लहान मागून, त्यामुळे नट आवळत जाल तशी ती कडक होत जाते. संगणकावर सर्व वेढे सारखेच जवळ आलेले दिसतील. बसण्याची जागा पाहण्यापुरते ते चित्र चालेल, जोराचा हिशेब मात्र त्यावरून करू नये. तिच्यासाठी दोऱ्याला हाताने ओढ देऊन पाहण्याची शिंप्याची जुनी पद्धतच अजून भरवशाची आहे.